वर्षातून एकदाच लावायचा अल्बम

नमस्कार मंडळी. परवा रात्री बऱ्याच महिन्यांनी 'रेज अगेन्स्ट द मशीन' लावला. लॉस एंजेलिसच्या बँडचा हा पहिलाच अल्बम, १९९२चा. बँडचं नाव तेच अल्बमचं. त्याच वर्षी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या पोलिसांच्या खटल्याचा निकाल लागला, पोलीस दोषी ठरले नाहीत, आणि ते शहर दंगलीत पेटलं होतं. एकूण दहा गाणी, आणि गायक झॅक डे ला रोचा पहिल्यापासून शेवटपर्यंत संतापलेला. मला हा अल्बम फार आवडतो. पण वर्षातून एकदा. पुन्हा सांगतो, वर्षातून एकदाच. रोज ऐकला तर तो राग नुसता गोंगाट होऊन जातो.

गिटारकडे मात्र नीट कान द्या. टॉम मोरेलो गिटारच्या दोन पिकअपपैकी, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या भागांपैकी, एकाचा आवाज शून्यावर ठेवतो, दुसऱ्याचा पूर्ण, आणि मधला खटका भराभर खालीवर करतो. सूर तुकड्यातुकड्यांनी फुटत येतो. डीजे तबकडी घासतोय असंच वाटतं, पण ती गिटारच असते.

बरं, आता मला आवडणारा किस्सा. डिसेंबर २००९, ब्रिटन. तिथे नाताळच्या आठवड्यात विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर कुठलं गाणं येतं, याला फार मान. सलग चार वर्षं तो मान टीव्हीवरच्या 'एक्स फॅक्टर' स्पर्धेचा विजेता नेत होता. (या स्पर्धांमध्ये गाण्यापेक्षा रडण्यालाच जास्त वेळ देतात, हे माझं जुनं दुखणं.) लोक वैतागले. कुणीतरी इंटरनेटवर मोहीम काढली: याच अल्बममधलं दुसरं गाणं, 'किलिंग इन द नेम', सगळ्यांनी विकत घ्या. सतरा वर्षं जुनं गाणं! त्याच्या शेवटी एकच ओळ वाढत्या आवाजात पुन्हा पुन्हा येते: तू सांगशील ते मी करणार नाही. आणि प्रत्येक वेळी त्या ओळीआधी एक सणसणीत शिवी.

बीबीसीच्या एका वाहिनीने बँडला सकाळच्या कार्यक्रमात थेट वाजवायला बोलावलं. विनंती एवढीच, शिवी तेवढी गाळा. सुरुवातीला झॅकने गाळली. ओळ आली, शिवी नाही. परत ओळ, परत शिवी नाही. स्टुडिओतल्या मंडळींचा जीव भांड्यात पडला असणार. आणि मग त्याने सुरू केलं, पूर्ण ओळ, शिवीसकट! घाईघाईने गाणं बंद केलं, निवेदिकेने श्रोत्यांची माफी मागितली. पण अहो, ज्या गाण्यात 'सांगशील ते करणार नाही' एवढंच म्हटलंय, त्याच्या गायकाला सांगायला कोण गेलं होतं? तीन दिवसांनी निकाल लागला. पाच लाखांहून जास्त डाउनलोड, आणि गाणं पहिलं. पुढच्या जूनमध्ये बँडने लंडनच्या फिन्सबरी पार्कात फुकट कार्यक्रम करून आभार मानले.

तर आता ऐकूया तेच गाणं. फक्त सुरुवात. काचेपलीकडे आमचे तंत्रज्ञ आत्तापासूनच बटणावर बोट ठेवून बसलेत.