सभागृहातून छापखान्याकडे : गोखले संस्थेच्या व्याख्यानांची गोष्ट

(दृश्य : ग्रंथालयातील टेबल, त्यावर कागदी मुखपृष्ठाची एक पातळ पुस्तिका.)

पुण्याला व्याख्यानांचे वावडे कधीच नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही उन्हाळ्यात भरते, आणि वक्त्याचा आवाज, त्याची हजरजबाबी वृत्ती, त्याचे टोले यांची चर्चा पुढे कितीतरी दिवस घराघरांत चालते. याच शहरात व्याख्यानाची आणखी एक रीत रुजली. तिच्यात वक्त्याने आपला युक्तिवाद आधी लिहून काढायचा, सभेपुढे मांडायचा आणि नंतर तो छापून वाचकांच्या हाती द्यायचा, म्हणजे ज्याला खोडून काढायचा असेल त्याला ओळीवर बोट ठेवता येईल. गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेचे काळे स्मृती व्याख्यान हे या रीतीचे ठळक उदाहरण आहे.

(दृश्य : डेक्कन जिमखाना परिसर, भारत सेवक समाजाचे आवार.)

ही संस्था 6 जून 1930 रोजी स्थापन झाली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी त्यासाठी देणगी दिली आणि संस्थेचे पालकत्व भारत सेवक समाजाकडे आले. समाजाची स्थापना नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी 12 जून 1905 रोजी केली होती. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी 1966 पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, धुरा सांभाळली. पुण्याच्या बाजारातील फळांची विक्री कशी होते, वाई तालुक्यातील शेतकऱ्याचा हिशेब जमतो की नाही, असल्या प्रश्नांची पाहणी करणारी माणसे ज्या इमारतीत बसत होती, तिथे येणाऱ्या वक्त्याला नुसत्या अलंकारिक भाषेवर वेळ मारून नेणे अवघड होते, असे म्हणायला हरकत नाही.

समाजाच्या आवाराला मेळाव्यांचीही आठवण आहे. फेब्रुवारी 1915 मध्ये गांधीजी पुण्यात आले, तेव्हा गोखल्यांनी त्यांच्यासाठी समाजाच्या अतिथिगृहासमोरच्या मोकळ्या जागेत अल्पोपाहार ठेवला होता. भुईमुगाचे दाणे, खजूर आणि हंगामातील ताजी फळे, एवढाच बेत. गोखल्यांची प्रकृती इतकी खालावली होती, की काही पावलांवरच्या त्या जागेपर्यंत चालत जाण्याचेही त्राण नव्हते. तरीही ते हट्टाने आले, तिथेच त्यांना घेरी आली आणि त्यांना उचलून परत न्यावे लागले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप पाठवला, की गप्पा थांबवू नका. गांधीजींनी हे सारे आपल्या आत्मकथेत नोंदवले आहे. त्याच महिन्याच्या 19 तारखेला गोखले गेले.

(दृश्य : लक्ष्मी रस्ता, गोखले हॉल.)

आता 29 जानेवारी 1939 या दिवसाकडे येऊ. संस्थेचा वार्षिक समारंभ शहरातल्या गोखले हॉलमध्ये होता आणि त्यातील काळे स्मृती व्याख्यानाचे वक्ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते त्या वेळी मुंबई विधानसभेचे सदस्य आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते. गोखल्यांच्या नेमस्त परंपरेतून निघालेल्या संस्थेने त्यांना बोलावले, ही गोष्ट जाताजाता सांगून सोडून देण्यासारखी नाही. विषय होता 1935 च्या भारत सरकार कायद्यातील संघराज्याची योजना.

ही योजना कागदावर भव्य दिसत होती. ब्रिटिश अमलाखालचे प्रांत आणि संस्थाने एका छत्राखाली येणार होती. संघराज्याच्या विधानसभेत 375 जागा, त्यांपैकी 125 संस्थानांच्या. वरिष्ठ सभागृहात 260 जागा, त्यांपैकी 104 संस्थानांच्या. आकड्यांच्या पाठीमागे खरी मेख अशी होती, की प्रांतांचे प्रतिनिधी निवडून यायचे होते, तर संस्थानांचे प्रतिनिधी संस्थानिक नेमणार होते. म्हणजे प्रजेला मत नाही, पण तिच्या नावावर जागा मात्र आहेत. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार गव्हर्नर जनरलच्या हाती राखून ठेवलेले. बाबासाहेबांनी या योजनेची रचना, तिचे अधिकार, तिचे कथित फायदे असे एकेक अंग घेऊन तपासले. संस्थानी एकतंत्र तसेच कायम ठेवणाऱ्या आणि वसाहतीच्या स्वराज्याकडे नेणारी कोणतीही वाट न दाखवणाऱ्या अशा संघराज्याने स्वातंत्र्य जवळ येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. भाषणाच्या शीर्षकातच त्यांनी संघराज्य आणि स्वातंत्र्य यांना समोरासमोर उभे केले. सभागृहात बसून हे ऐकणे म्हणजे कायद्याची कलमे पाठोपाठ अंगावर घेणे होते, आणि म्हणूनच ते छापणे आवश्यक होते. पुढे पुरेशी संस्थाने सामील झाली नाहीत, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महायुद्ध पेटले आणि ती योजना कधीच अमलात आली नाही.

चार वर्षांनी, 18 जानेवारी 1943 रोजी, बाबासाहेब पुण्यातल्या गोखले हॉलमध्येच पुन्हा बोलले. त्या वेळचे निमंत्रण डेक्कन सभा या पुण्यातील नेमस्तांच्या संस्थेचे होते आणि निमित्त रानड्यांच्या जयंतीचे. महाराष्ट्र शासनाने 1979 मध्ये त्यांच्या लेखन व भाषणांचा जो पहिला खंड काढला, त्यात ही दोन्ही भाषणे आहेत.

(दृश्य : पुस्तिकांचा गठ्ठा, एकेक मुखपृष्ठ.)

1941 चे काळे स्मृती व्याख्यान ठक्कर बाप्पांचे. मुंबई महापालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून ते 1914 मध्ये भारत सेवक समाजात आले होते आणि दाहोदला त्यांनी भिल्ल सेवा मंडळ उभे केले होते. आदिवासींचा प्रश्न हा त्यांचा विषय. आदिवासींना बाहेरच्या जगापासून वेगळे राखावे, हा विचार त्या काळी व्हेरिअर एल्विन यांच्यासारखे अभ्यासक मांडत होते. बाप्पांना तो मान्य नव्हता. हा वाद तिथेच थांबला नाही. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचे याच प्रश्नावरचे पुस्तक 1943 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते प्रकाशित केले ते गोखले संस्थेनेच. दोन वर्षांपूर्वी तिच्या व्यासपीठावरून मांडलेला विषय तिच्याच प्रकाशनातून पुढे चालला, हे मला त्या व्याख्यानाइतकेच महत्त्वाचे वाटते.

1948 मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख मध्यवर्ती बँकेच्या वाटचालीवर बोलले. 1952 मध्ये निवृत्त सनदी अधिकारी अ. दि. गोरवाला प्रशासकाच्या भूमिकेवर बोलले. देशमुखांसारखा पदावरचा माणूस आपल्याच संस्थेचा जमाखर्च श्रोत्यांपुढे मांडतो, हा प्रकार तेव्हाही रोजचा नव्हता.

या परंपरेची एक मर्यादा मात्र लपत नाही. यांतली नावाजलेली व्याख्याने इंग्रजीत होती. वसंत व्याख्यानमालेला जाणारा पेठेतला श्रोता त्यांच्यापासून काहीसा दूरच राहिला, आणि छापील पुस्तिकाही त्याच भाषेत असल्यामुळे ते अंतर छपाईने मिटले नाही.

(दृश्य : आजचे आवार, वर्गाबाहेर उभे विद्यार्थी.)

1993 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आवारात आता पदवीचे वर्ग भरतात. जुन्या पुस्तिकांपैकी बऱ्याच ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवल्या आहेत, त्यामुळे त्या घरबसल्या चाळता येतात. ज्यांना 1939 चा युक्तिवाद तपासून पाहायचा आहे, त्यांनी आधी कायद्यातील जागांचे कोष्टक उघडावे आणि मग व्याख्यान हाती घ्यावे. संस्थानिकांनी प्रतिनिधी नेमण्याचा मुद्दा बाबासाहेबांनी इतका लावून का धरला, ते त्या आकड्यांवरूनच कळते.