गाठ की गुठळी?

नमस्कार श्रोतेहो. हृदयातही गाठ होते, हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. होते, पण क्वचित. आणि ज्या सापडतात त्यांतल्या बहुतेक फुप्फुस, स्तन अशा दुसऱ्या अवयवांच्या कॅन्सरमधून पसरलेल्या असतात.

हृदयातच उगवणाऱ्या गाठींपैकी मोठ्या माणसांत नेहमी भेटणारी म्हणजे मिक्सोमा. हा कॅन्सर नव्हे. पण टू-डी एकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचं हलतं चित्र दाखवणाऱ्या तपासणीच्या, पडद्यावर पाहाल तर छातीत धस्स होईल. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात, डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या पडद्याला देठाने चिकटलेली गाठ देवळातल्या घंटेच्या लोलकासारखी हलत असते आणि झडप उघडली की थेट तिच्या तोंडात येते. रक्ताची वाट अडते. मग धाप, चक्कर. कधी कूस बदलली की त्रास कमी-जास्त होतो. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर पक्षाघात. पर्वतीच्या पायऱ्या चढताना सगळ्यांनाच धाप लागते, त्यामुळे असं दुखणं वयाच्या नाहीतर वजनाच्या खात्यावर सहज टाकलं जातं.

पूर्वी अशा गाठी बहुधा शवविच्छेदनातच सापडायच्या. 1954 साली स्टॉकहोममध्ये शल्यविशारद क्राफोर्ड यांनी मिक्सोमा यशस्वीपणे काढला. 1959 मध्ये जर्मनीत ध्वनिलहरींनी तो जिवंत माणसात दिसला. आज त्यासाठी छातीवर थोडं जेल आणि प्रोब पुरतो, किरणोत्सर्ग नाही. बरगड्यांमधून नीट दिसलं नाही तर अन्ननलिकेतून एको करतात, कारण अन्ननलिका डाव्या वरच्या कप्प्याच्या अगदी पाठीशी असते.

खरी कसोटी पुढेच. पडद्यावरचा तो ठिपका गाठ आहे की रक्ताची गुठळी? गुठळीला रक्त पातळ करणारं औषध, मिक्सोमाला शस्त्रक्रिया. चुकून चालत नाही. इथे एमआरआय कामाला येतो. शिरेतून गॅडोलिनियमचं औषध दिलं की रक्तपुरवठा असलेली गाठ ते शोषून उजळते, गुठळी सहसा काळीच राहते. कॅल्शियम किंवा फुप्फुसं पाहायची तर सीटी, कॅन्सर शरीरात आणखी कुठे पसरलाय का हे पाहायला पेट-सीटी. म्हणून एकोनंतर दुसरी तपासणी लिहून दिली की 'पैसे काढायचा धंदा' असं लगेच म्हणू नका, हे मी पुणेकरांना मुद्दाम सांगतो! पेसमेकर किंवा किडनीचा आजार असेल तर मात्र एमआरआयआधी सांगायला विसरू नका. आणि नुसता रिपोर्ट नको, जुनी सीडीही आणा; गाठ वाढली का, हे चित्रांवरूनच कळतं.

लहान मुलांचं गणित वेगळं. त्यांच्यात सापडणारा रॅब्डोमायोमा, म्हणजे हृदयाच्या स्नायूची गाठ, पुष्कळदा आपोआप आक्रसतो. त्रास नसेल तर डॉक्टर फक्त ठरावीक काळाने एको करून लक्ष ठेवतात.