घरचा फोटो, घरचं लग्न

मंडळी, दिवाळी तोंडावर आलीय. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तही सुरू होतील. म्हणून दोन कामांबद्दल एकत्रच बोलतो: दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर टाकायचा घरच्या माणसांचा फोटो, आणि पन्नास माणसांच्या आतलं लग्न. दोन्हीकडं माणसं थोडी असतात. अशा वेळी माणसांना हलवू नका, ती जिथं असतात तिथं आपण कॅमेरा घेऊन जायचं. माझं सगळं म्हणणं यात आलं.

परवा एक गृहस्थ माझ्याकडं फोटोचं काम घेऊन आले. म्हणाले, “सगळ्यांचा फोटो रंकाळ्यावर काढायचाय.” मी विचारलं, रंकाळा तळ्यावर जाता का कधी? “दोन वर्षं झाली असतील.” मग तिथं कशाला जायचं? शिवाय संध्याकाळी चौपाटीवर तळं मागं घेऊन उभं राहिलं की सूर्यही पाठीशी येतो. चेहरे काळे पडतात. चेहरे उजळायला जावं तर आभाळ पांढरं फटक होतं. मी त्यांना घरीच थांबायला सांगितलं.

शुभेच्छापत्राची चाल मुळात विलायतेची. 1843 मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी नाताळचं पहिलं छापील कार्ड काढलं, चित्र जॉन हॉर्सली यांचं. त्यात मधोमध जेवणाच्या टेबलाशी जमलेलं तीन पिढ्यांचं कुटुंब आहे, आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न-वस्त्र देणारी माणसं. म्हणजे पहिल्या कार्डावरसुद्धा माणसं आपल्या घरातच होती.

आपल्या घरात तर दिवाळीला किती काय चाललेलं असतं! पोरं किल्ला करत असतात. पोत्याचं तरट, विटा, चिखल, वर पेरलेली मोहरी, गडावर बसलेले महाराज. आई ओरडत असते, “हात धुऊन या, फोटो काढायचाय.” हात धुवायला लावू नका. चिखलाच्या हातांनी मावळा रोवणारी पोरं, मागं उंबऱ्यावर आई-बाबा, खुर्चीत आबा, झाला की फोटो. फक्त फोटो काढणाऱ्यानं गुडघ्यावर बसावं. कॅमेरा पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला आला की किल्लाही मोठा दिसतो आणि पोरंही.

वेळ मात्र सांभाळा. दिवाळीत आपल्याकडं सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतरच्या वीसेक मिनिटांत आकाशकंदिलाचा उजेड आणि आभाळाचा उजेड जवळजवळ सारखा होतो. कंदील पांढरा होत नाही, आभाळही निळं राहतं. आणखी उशीर केलात की काळ्या आभाळात नुसता कंदील लटकलेला दिसतो. घरातली ट्यूब तेवढी बंद करा, तिच्या पांढऱ्या उजेडात पणत्यांचा पिवळेपणा मरतो. पणती हातात खाली धरली तर उजेड हनुवटीखालून येतो आणि चेहरा भेसूर दिसतो. ती छातीच्या उंचीला, थोडी बाजूला हवी.

उजेडासाठी थांबणं कोल्हापूरकरांना शिकवायला नको. किरणोत्सवात आपण अंबाबाईच्या देवळात उभे असतो. नोव्हेंबरात 9 ते 11, पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं देवीच्या पायांवरून चेहऱ्यापर्यंत चढताना बघायला हजारो माणसं श्वास रोखून थांबतात. घरच्या फोटोला त्यातली पाच मिनिटं द्या एवढंच मागतो.

आता मिटलेले डोळे. ऑस्ट्रेलियातल्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी याचं गणितच मांडलं, त्यांना 2006 चा इग नोबेल, म्हणजे हसवता हसवता विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळाला. वीसच्या आत माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीननं भागायचं, कमी उजेडात दोननं. जो आकडा येईल तेवढे फोटो काढायचे, म्हणजे बहुधा एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे येतात. बारा माणसं अंगणात असतील तर चार, दिवेलागणीला सहा. मी हे वापरतो आणि मला ते उपयोगी पडतं. दोन रांगा असतील तर अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ 5.6 च्या आसपास ठेवा; आकडा लहान तितकं भोक मोठं. एफ 1.8 ला पुढचे नातू लख्ख येतात, मागची आजी धूसर होते.

छापायला देताना 4 बाय 6 इंचाच्या कार्डाला किमान 1200 बाय 1800 पिक्सेल हवेत. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो, म्हणजे पिक्सेल कमी होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

लग्नाकडं येतो. एप्रिल 2021 मध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. त्या दिवसांत शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याच्या चौकात मी लग्नाचे फोटो काढले. सवयीप्रमाणे दोन स्टँड, फ्लॅशचा उजेड मऊ करायच्या छत्र्या, मोठा फ्लॅश घेऊन गेलो आणि सगळं मांडलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा माझ्या छत्रीमागं नवरीची आजी बसली होती. तिला नात दिसत नव्हती. ती काही बोलली नाही, मान वाकडी करून बघत राहिली. मला ते तिसऱ्या मंगलाष्टकाला दिसलं. मी स्टँड उचलले, जिन्याखाली ठेवले आणि तिच्याशेजारी जाऊन बसलो. तिला वाटलं, हा आता आपलाच फोटो काढतोय. “माझा कशाला काढतोस बाबा? पोरीचा काढ. मी बसतो हितंच.”

तिथं बसल्यावर मला अंतरपाट पहिल्यांदा नीट दिसला. इतकी वर्षं मी तो कधी खाली पडतो याचीच वाट बघत होतो. चौकात उजेड वरून येतो. मध्ये पांढरं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. वरचा उजेड कापडावर पडतो आणि दोन्ही बाजूंनी परत फिरून नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर येतो. इतका मऊ उजेड माझ्या छत्रीनं कधी दिला नव्हता. नवरी मान खाली घालून कापडाकडं बघत होती, मुंडावळ्यांची सावलीसुद्धा गालावर उठत नव्हती. मग अंतरपाट दूर झाला आणि तो उजेड क्षणात गेला.

म्हणून लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरांना सांगतो, अंतरपाट धरलेला असतानाच दोघांचे चेहरे घ्या. नंतर अक्षतांकडं वळा. शटर 1/500 सेकंद उघडं ठेवलं तर तांदळाचा दाणा न् दाणा हवेत दिसतो, 1/60 ला नुसत्या रेघा उमटतात. सावलीत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवावा लागेल, फोटो थोडा खरखरीत आला तरी चालतो.

छोट्या लग्नात सूनमुख सोडू नका. मोठ्या कार्यालयात ते घाईत उरकतात, इथं सासूबाईंना आरशात सुनेकडं बघायला वेळ असतो. आरशातल्या चेहऱ्यावर फोकस करा, आरशाच्या चौकटीवर नको. आरशातलं प्रतिबिंब आरशाच्या मागं तेवढंच लांब असतं, त्यामुळं चौकट स्पष्ट आली की चेहरा हमखास हुकतो. आणि “वहिनी, पुन्हा एकदा बघा” असं कुणाला म्हणू नका. मी पूर्वी म्हणत असे, हारसुद्धा दोन-दोनदा घालायला लावत असे. दुसऱ्यांदा घातलेल्या हाराच्या फोटोत सगळे माझ्याकडं बघत असतात.

रजिस्टर लग्नाची कामंही आता येतात. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. खोली लहान असते, तिथल्या साहेबांना आधी विचारून घ्या, फ्लॅश नको. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते-मंदावते. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, नाहीतर फोटोवर आडवे पट्टे येतात. सही करताना हात घ्या, मग लगेच मागं उभ्या आईचा चेहरा. सगळं दहा मिनिटांत संपतं. मग बाहेर जिन्यावर, सावलीत, नवरा-नवरी आणि तीन साक्षीदार. पाच माणसं, चांगला उजेड, दोन फोटो पुरतात.