हेळव्याच्या चोपड्यात आमचं घर

[दृश्य : बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं एक गाव. सुगी आटोपलेली. अंगणात एक मोटारसायकल उभी.]

हेळवी यायचा तेव्हा आधी घंटा ऐकू यायची. बैलावर बसलेला, पाय घोंगडीत झाकलेले. दारात येऊन तो त्या घराच्या पिढ्या घडाघडा म्हणायचा. आता तो मोटारसायकलवर येतो आणि वंशावळींचा चोपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. बेळगाव, बागलकोट, इकडे कोल्हापूर-सांगली, या सगळ्या पट्ट्यात हेळव्यांचं काम एकच : कुणाचं मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोण, कोणत्या भावकीनं गाव सोडलं, ते सांभाळायचं. त्याबदल्यात धान्य, कधी वासरू. हल्ली रोख.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो, आणि सध्या आमच्याच घरावर एक फिल्म करतोय. दुसऱ्यांच्या वंशावळी तपासताना हात कधी थरथरला नाही.

[दृश्य : चोपड्याचं पान. वरून फिरणारं बोट.]

आमच्या घरात ऐकत आलोय की आम्ही कोकणातले, घाट चढून वर आलो. हेळव्यानं वाचलं ते वेगळंच. सौंदत्तीकडचं गाव, भावाभावांत वाटणीवरून तंटा, मग दुष्काळ, आणि धाकटी पाती पश्चिमेला सरकली. म्हणजे उलट्या दिशेनं!

ओसरीवरून वडील म्हणाले, “हे फिल्ममध्ये घालू नकोस.”

वडिलांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. “मूळ गाव कुठलं?” हा प्रश्न पुण्यात गप्पांचा असेल, बेळगावात तो दाव्याचा आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून त्याच तारखेला एका बाजूला मराठी भाषकांचा काळा दिवस आणि दुसऱ्या बाजूला कन्नडिगांचा राज्योत्सव. महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 सालचा. या भांडणात दोन्हीकडच्यांना ‘इथलेच मूळचे’ लागतात. कुठूनतरी आलेली माणसं कुणालाच नको असतात. आणि खरं सांगायचं तर इथली बहुतेक घरं कधीतरी, कुठूनतरी आलेलीच आहेत.

इतिहास लिहिताना ‘मी’ बाहेर ठेवावा, असं आम्हाला शिकवलं. 1987 साली निघालेल्या एका पुस्तकासाठी फ्रान्समध्ये इतिहासकार पिएर नोरा यांनी सात नामवंत इतिहासकारांना उलटं काम दिलं : ज्या नजरेनं दुसऱ्यांचा भूतकाळ पाहता, त्याच नजरेनं स्वतःचा पाहा. या लेखनाला त्यांनी ‘एगो-इस्त्वार’ असं नाव दिलं. पॅरिसमध्ये जमत असेल. आमच्याकडे ओसरीवर वडील बसलेले असतात.

तरी सवय जात नाही. चोपडाही तपासायला हवा. जीर्ण झाला की तो नव्यानं उतरवला जातो, आणि उतरवणारा यजमानाच्या दारचं धान्य खाणारा. यजमान खूश व्हावा असं एखादं नाव मध्ये घुसू शकतं. आमची कुलदेवी सौंदत्तीची यल्लम्मा, हाही पुरावा म्हणता येणार नाही. तिच्या डोंगरावर निम्मा कोल्हापूर जिल्हा जातो.

[दृश्य : पत्र्याची ट्रंक. कागद.]

ट्रंकेत पणजोबांचं खरेदीखत मोडी लिपीत आहे. आजोबांची पत्रं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. वडिलांच्या नावचा जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. शेत तेच, बांधही तोच.

पण या सगळ्यात, चोपड्यात आणि ट्रंकेतही, आज्जी कुठेच नाही. हेळवी पुरुषांच्या पिढ्या लिहितो. घरातलं सगळ्यात ठळक स्थलांतर तर तिचं! दरवेळी एक बाई माहेर सोडून येते, तेव्हा कुठे पुढची पिढी त्या चोपड्यात चढते.

आज्जी चंदगडची. तिचं बोलणं माझ्या फोनमध्ये आहे.

[आवाज : आज्जी]
“मी लगीन होऊन आलो तवा चंदगड बेळगाव जिल्ह्यातच हुतं की. एकाच जिल्ह्यात दिली म्हणून आई निवांत हुती. मग कुणीतरी मधनंच रेघ मारली. मी काय हललो न्हाई, खरं माझं म्हायेर दुसऱ्या राज्यात गेलं.”

‘आलो’, ‘हललो’ : आमच्याकडे बायका अशाच बोलतात. आणि ‘खरं’ म्हणजे ‘पण’.

तिचं म्हणणं कागदाशी ताडून पाहिलं. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूरला दिला, चंदगड तालुका वगळून. तो पुढे कोल्हापूर जिल्ह्यात गेला. कायद्यातल्या त्या दोन-तीन शब्दांमुळे आज्जीचा भाऊ राखीला यायचा तो परराज्यातून. वाट तीच, ओढाही तोच. मोडी-कन्नडच्या कागदांवर मी वर्षं घालवली, पण सीमाप्रश्न मला पहिल्यांदा कळला तो या वाक्यात : “आई निवांत हुती.”

[दृश्य : ओसरी. हेळवी चहा पितोय.]

हेळव्यानं या वर्षीची नोंद घेतली. मुलगा किती, शिकतो काय. माझ्या मुलीचं नाव मी दोनदा सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पेनाचं टोपण लावलं. मी पुन्हा सांगितलं. त्यानं टोपण काढलं आणि समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

तो चोपडा बांधायला लागला तेव्हा, इतका वेळ गप्प असलेले वडील म्हणाले,

“मग सौंदत्तीकडं ते घर... अजून हाय काय?”

“ते थोरल्या पातीचं,” हेळवी म्हणाला. “तो चोपडा माझ्या भावाकडं हाय. वाटणीत तिकडं गेला.”