आषाढीची रात्र आणि माळ्यावरचा डबा

(दृश्य : रात्र. गच्चीवर पावसात भिजणारी डिश. खाली घरात अंधार.)

आषाढी एकादशी. रात्रीचे अडीच वाजलेत. पंढरपुरात शासकीय महापूजा सुरू आहे आणि सांगलीतल्या आमच्या घरी आई गाढ झोपली आहे. पूजा ती सकाळी आंघोळ उरकून बघणार. जागा आहे तो फक्त माळ्यावरचा जुना डेस्कटॉप, पूजा रेकॉर्ड करत.

गच्चीवरची डिश आग्नेयेकडे तोंड करून बसली आहे. तिकडे ९३.५ अंश पूर्वेला जीसॅट-१५ आहे आणि त्यावरून दूरदर्शनची फ्री डिश येते. वर्गणी नाही, आणि आमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सह्याद्रीला कुलूप नाही.

कुलपाचा अनुभव आम्ही घेतलाय. आधी पैसे भरायचा सेट-टॉप बॉक्स होता, त्याला हार्ड डिस्क लावून आईने दोन वर्षं कीर्तनं साठवली. बॉक्स बिघडला, बदलून मिळाला, आणि नव्या बॉक्सने ती डिस्क ओळखलीच नाही. रेकॉर्डिंग जुन्या बॉक्सच्या किल्लीने बंद केलेलं होतं. डिस्क आमची, वीज आमची, कीर्तन मात्र आमचं नाही!

(दृश्य : स्क्रीनवर टीव्हीहेडएंडची यादी. एका रकान्यावर कॅमेरा थांबतो.)

आता रेकॉर्डिंगचं काम डेस्कटॉपवरची टीव्हीहेडएंड नावाची मोफत प्रणाली करते. आकाशातून येणारा कार्यक्रम १८८ बाइटच्या पुडक्यांत बांधलेला असतो. पुडक्यांवर ओळीने शून्य ते पंधरा आकडे, मग पुन्हा शून्य. सातनंतर एकदम नऊ आला, की मधलं एक पुडकं गळालं. किती वेळा असं झालं ते यादीतल्या ‘एरर्स’च्या रकान्यात दिसतं. लोक चित्र बघून रेकॉर्डिंग तपासतात. मी आधी हा रकाना बघतो.

धो धो पावसात तिथे आकडा येणारच. डिशवर येणाऱ्या केयू बँडच्या (उपग्रह टीव्हीच्या पट्ट्यातल्या) लहरी पावसात विरतात, त्याला घरातला कोणी काही करू शकत नाही. पण एका कोरड्या ठणठणीत संध्याकाळी तो रकाना शून्य असूनही मालिका मधूनच तुटलेली निघाली. म्हणजे डिशपासून डेस्कटॉपपर्यंत सगळं धड आलं होतं. गळती त्यापुढे.

तेव्हा मी रेकॉर्डिंग थेट वायफायवरून हॉलमधल्या नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यात, लिहीत होतो. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लागला की वायफाय गुदमरायचं, दोघंही त्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात. कॉपी करताना अडलं तर संगणक थांबून पुन्हा पाठवतो, पण प्रक्षेपण आपल्यासाठी थांबत नाही. लिहिणारा अडला, मागची रांग भरली, की पुढचं सांडलंच.

म्हणून आता रेकॉर्डिंग आधी डेस्कटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर होतं. पहाटे चारला फाइल वायरवरून नॅसमध्ये जाते, दोन्हीकडचे चेकसम, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून काढलेले पडताळणीचे आकडे, जुळतात, मगच मूळ प्रत पुसली जाते. तासाभराचा साधा, एचडी नसलेला कार्यक्रम सव्वा ते दीड जीबीचा. गिगाबिट वायरवरून पंधरा-वीस सेकंदांचं काम.

(दृश्य : नॅसचे हिरवे दिवे.)

नॅसमध्ये दोन डिस्क आहेत, एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर. पहिली जोडी स्वस्तातली घेतली होती, तिथे फसलो. त्या डिस्कवर माहितीच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. खालचं एक कौल बदलायचं तर वरची रांग उचलावी लागते. एरवी कळत नाही, पण बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून सगळी माहिती पुन्हा भरायला घेतली, तेव्हा ते काम दिवसेंदिवस रांगत राहिलं.

आणि दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. हे मला सगळे सांगत होते. साफसफाई करताना मी ‘जुनं’ नावाचा फोल्डर उडवला. दोन्ही डिस्कनी आज्ञाधारकपणे, त्याच क्षणी उडवला. हिरवे दिवे तसेच.

वारीची तीन वर्षं त्यात होती.

आता रोज रात्री स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेतला जातो, त्यामुळे पुसलेलं परत काढता येतं. महिन्यातून एकदा झेडएफएस, म्हणजे नॅसमधल्या फाइली सांभाळणारी प्रणाली, सगळ्या डिस्क वाचून प्रत्येक तुकड्याचा चेकसम पडताळते, कारण डिस्क कधी कधी काही न बोलता चुकीचं वाचून देते. तिसरी प्रत ताईकडे, कोल्हापूरला. दिवाळीत मी फराळाच्या पिशवीतून डिस्क नेतो आणि गेल्या वर्षीची परत आणतो.

(दृश्य : सकाळ. आई टीव्हीसमोर, ओले केस, हातात चहा.)

रकान्यात आज अकरा आहेत. मी आईला सांगितलेलं नाही. अभिषेक सुरू होतो. विठ्ठलाच्या चेहऱ्यावर क्षणभर हिरवे चौकोन उमटतात आणि विरतात.

“पंढरपुरात पाऊस होता वाटतं रात्री,” आई म्हणते.

“तिथलं माहीत नाही. आपल्या गच्चीवर होता.”

ती कप खाली ठेवते, हात जोडते. “मग ठेव तसंच. पुसू नकोस.”