जाहिरात आणि धुरा

नमस्कार श्रोतेहो. आमच्या तालुक्यातील काही तरुण कपाशीविषयीचे एक संकेतस्थळ उभारू पाहत आहेत. ते कोणालाही फुकट वाचता यावे आणि जाणत्या शेतकऱ्याला त्यात भर घालता यावी, दुरुस्तीही करता यावी, असा त्यांचा विचार आहे. लिहिणारे मोबदला घेणार नाहीत, पण सर्व्हरचे भाडे द्यावेच लागते, आणि वर्गणी किती दिवस पुरते हे गावच्या गणेश मंडळाच्या खजिनदाराला विचारावे. तेव्हा जाहिराती घ्याव्यात काय, असे त्यांनी मला विचारले.

घ्याव्यात, असे माझे मत आहे. मात्र मजकूर आणि जाहिरात यांच्यामध्ये धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध असतो तसा, हवा. धुरा कोणी एका रात्रीत मोडत नाही, वखराच्या एकेका फेराने तो दरवर्षी थोडा कोरला जातो, हे शेजाऱ्याशी भांडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

गुलाबी बोंडअळीचे पान घ्या. नर पतंगांना गंधाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग ३ दिवस रोज ८ पतंग सापडले तरच फवारणीचा विचार करावा, तोवर थांबावे, असे त्यावर लिहिलेले असेल. इंटरनेटवरील जाहिरातीची जागा बहुतेक वेळा आपोआप होणाऱ्या लिलावात विकली जाते आणि पानावरचे शब्द पाहून यंत्रच जाहिरात निवडते. म्हणजे 'थांबा' सांगणाऱ्या या वाक्याच्या बाजूलाच कीटकनाशकाची बाटली येऊन बसणार. कृषी केंद्राच्या काउंटरवर 'कोणतं मारू, भाऊ?' असे आपण विचारतो तेव्हा सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यामागची कारणे अनेक होती. तरी त्या काउंटरची आठवण मला या पानापाशी होते.

लिहिणारे याबाबत किती हळवे असतात पाहा. २००२ साली विकिपीडियावर जाहिराती येऊ शकतील, एवढ्या उल्लेखानेच स्पॅनिश भाषेतील अनेक लेखक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र ज्ञानकोश सुरू केला. विकिपीडिया आजही देणग्यांवर चालतो. विकिट्रॅव्हल हे प्रवासाचे संकेतस्थळ २००३ साली सुरू झाले, २००६ साली एका कंपनीने ते विकत घेतले. पुढे वाढत्या जाहिराती आणि तांत्रिक हेळसांड यांना कंटाळून बरेच लेखक मजकुराची प्रत घेऊन निघाले, आणि २०१३ च्या जानेवारीत विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली विकिव्हॉयेज हे प्रवासाचे संकेतस्थळ औपचारिकपणे सुरू झाले. मजकूर मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही त्याची प्रत घेऊन वापरण्याची मुभा देऊन, ठेवलेला असल्यामुळे त्यांना तसे जाता आले.

म्हणून मी त्या तरुणांना आधी परवाना ठरवायला सांगितले, जाहिरातीचे दर नंतर. मालकाच्या सचोटीवर माझा विश्वास आहे. पण लेखक प्रत घेऊन जाऊ शकतात ही जाणीव त्या सचोटीला टिकवून धरते. याशिवाय, कोणत्या पानाने किती कमावले हे लिहिणाऱ्यांना कळू देऊ नये, नाहीतर सगळे बोंडअळीवरच लिहीत बसतील आणि तुरीकडे कोणी फिरकणार नाही. एकूण जमाखर्च मात्र सर्वांसमोर असावा. क्लिकमागे पैसे घेण्यापेक्षा ठिबक संच किंवा जिनिंगवाल्याकडून महिन्याचे ठरावीक भाडे घ्यावे आणि त्या चौकटीवर ठळक अक्षरांत 'जाहिरात' असे लिहावे.

बोंडअळीच्या पानावर कीटकनाशकाची जाहिरात नकोच. बहुधा सर्वांत जास्त वाचले जाणारे तेच पान असेल आणि त्याचे उत्पन्न बुडेल. सर्व्हरच्या भाड्याचा हिशेब ते धरूनच मांडा, एवढे मी त्यांना सांगून आलो आहे.