एका गिनीची गोष्ट

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि एवढ्या उकाड्यात घराबाहेर पडलेल्या श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : ‘सरकारी खजिना आणि निवडणूक प्रचार : हुजूर पक्षाने लॉइड जॉर्जवर केलेली टीका’. विषय मीच दिलाय, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. कार्यवाहांनी पन्नास मिनिटं दिली होती, त्यातली बारा सत्कारात गेली. नारळ मात्र चांगला निवडलाय, हलवल्यावर पाणी वाजतंय.

‘हुजूर पक्ष’ म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या तरुण मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या लहानपणी वर्तमानपत्रांत विलायतेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला हुजूर पक्ष म्हणत आणि लेबरला मजूर पक्ष. हुजूर आणि मजूर. ज्या उपसंपादकाला हे यमक सुचलं, त्याला एक वेतनवाढ मिळायला हवी होती. मधले ते लिबरल. त्यांना उदारमतवादी म्हणत, पण त्याला यमक जुळेना. पुढे तो पक्षच आटला. यमकामुळे नव्हे, पण आटला.

मी कोषागारातला माणूस. चौतीस वर्षं बिलं पास केली, आणि त्याहून जास्त आक्षेप लावून परत पाठवली. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझी नजर आधी हिशोबाच्या रकान्यावर जाते. आणि या प्रकरणात माझं म्हणणं एवढंच आहे, की हुजूर पक्षाचे आक्षेप बरेचसे बरोबर होते आणि तरी ते वाया गेले, कारण आक्षेप काय आहे यापेक्षा तो घेणारा कोण आहे हे लोकांनी आधी पाहिलं. झालं सांगून. खरं तर मी आता खाली बसू शकतो. पण चहा अजून आलेला नाही.

तर १९०९ साल. टिळक मंडालेला. नामदार गोखले कलकत्त्याच्या कौन्सिलात दरवर्षी अर्थसंकल्पाची चिरफाड करतायत. मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून एक रुपयावर येऊन दोन वर्षं झाली आहेत. आणि लंडनमध्ये सरकार आहे उदारमतवाद्यांचं. हो, टिळकांना मंडालेला ठेवणारं सरकार उदारमतवादीच होतं. भारतमंत्री आपले मोर्लेसाहेब. हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, पुढच्या वर्षी बोलावलंत तर बोलेन.

त्या सरकारचा अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज. वेल्समधल्या एका खेड्यात, चांभारकाम करणाऱ्या मामाच्या घरी वाढलेला, वकिली करून वर आलेला. जिभेवर सरस्वती, आणि ती जरा तिखट. त्याच्यापुढे प्रश्न काय होता? सत्तर वर्षांवरच्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन १ जानेवारी १९०९ पासून सुरू झाली होती. शिवाय जर्मनीच्या धास्तीने ड्रेडनॉट जातीच्या आठ युद्धनौका हव्या होत्या. दोन्ही मिळून तूट सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांची. २९ एप्रिलला त्याने अर्थसंकल्प मांडला. साडेचार तास बोलला. मध्ये आवाज बसला म्हणून अर्ध्या तासाची सुट्टी घ्यावी लागली. अध्यक्ष महोदय, ही माहिती मी केवळ तुमच्या हातातल्या घंटेच्या संदर्भात देतोय. (हशा)

त्यात काय होतं? पाच हजार पौंडांवर उत्पन्न असणाऱ्यांना जादा ‘सुपरटॅक्स’. आणि जमिनीवर नवा कर : मालकाने काही न करता जमिनीची किंमत वाढली, तर त्या वाढीचा पाचवा हिस्सा सरकारचा. शेजारून रस्ता गेला, रेल्वे आली, तुझ्या कर्तबगारीचा त्यात काय संबंध, हा युक्तिवाद. गावाजवळून बायपास गेलेल्या मंडळींनी इकडे तिकडे पाहू नये.

उमराव खवळले. आणि इथे माझी आवडती गोष्ट येते. बक्लूचा ड्यूक, स्कॉटलंडमधला, चार लाखांवर एकरांचा धनी. त्याने एका छोट्याशा फुटबॉल क्लबला कळवलं, की या करामुळे मला तुमची वर्गणी यापुढे देणं परवडणार नाही. वर्गणी किती? एक गिनी. म्हणजे एकवीस शिलिंग. एका म्हातारीची चार आठवड्यांची पेन्शन, वर एक शिलिंग. दुसरा एक ड्यूक म्हणाला, लॉइड जॉर्जला आणि त्या चर्चिलला शिकारी कुत्र्यांच्या कळपात सोडलेलं बघायला मला आवडेल. लॉइड जॉर्जला प्रचाराला आणखी काय हवं? तो न्यूकॅसलला म्हणाला, एक सर्व सरंजामासह ड्यूक पोसायला दोन ड्रेडनॉटइतका खर्च येतो, दहशतही तेवढीच, आणि टिकतो जास्त. लाइमहाउस या लंडनच्या गरीब वस्तीत त्याचं जमीनदारांवरचं भाषण इतकं झोंबलं, की अशा भाषणाला ‘लाइमहाउस करणं’ असं क्रियापदच इंग्रजीत पडलं.

ही गिनी मला इतकी का आवडते ते सांगतो. कारण हा ड्यूक मी स्वतः होऊन बसलो आहे.

आमच्या सोसायटीत, गावाचं नाव नको, कमिटीच्या निवडणुकीआधी दोन महिने इमारतीला रंग काढायची टूम निघाली. पैसे कुठून? सिंकिंग फंडातून. तो फंड मोठ्या दुरुस्तीसाठी, पाडापाडीच्या दिवसासाठी राखलेला, रंगरंगोटीसाठी नव्हे. वर दिवाळीनिमित्त प्रत्येक फ्लॅटला स्टीलचा एक डबा, झाकणावर अध्यक्षांचं नाव कोरलेलं. मी फाइल मागवली. जुनी सवय. तीन कोटेशनं होती, तीन वेगवेगळ्या कंत्राटदारांची, तीन वेगळ्या लेटरहेडवर. तिन्हींत ‘वॉटरप्रूफिंग’मधला ‘प्रू’ ऱ्हस्व होता. तिन्हींत सोसायटीच्या नावातला एक काना गळलेला. तोच काना. कोषागारात असं बिल आलं असतं तर मी ते चिमट्याने उचलून परत पाठवलं असतं.

मी वार्षिक सभेत उभा राहिलो. तयारीने गेलो होतो. उपविधी काढले, तिन्ही कोटेशनांच्या झेरॉक्स वाटल्या. राखीव निधी वर्षभरात किती आटला ते आकडे वाचले. सभा ऐकत होती. दुसऱ्या मजल्यावरचे काका तर मान डोलवत होते. मला वाटलं, जिंकली. अध्यक्षांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि ड्रॉवरमधून एक कागद काढला. थकबाकीदारांची यादी. क्रमांक एकवर आम्ही. तीन तिमाह्यांचा मेंटेनन्स, ५,४०० रुपये. आता तो मी गच्चीच्या गळतीचा निषेध म्हणून अडवून ठेवला होता, तत्त्वाचा प्रश्न होता, लेखी पत्र दिलेलं होतं, आवक क्रमांक माझ्याकडे आहे. पण तो आवक क्रमांक कोण ऐकतो? सभा जी हसली म्हणता! मान डोलवणारे काका सगळ्यात मोठ्याने. ठराव मंजूर झाला, विरोधात मत एक. कुणाचं ते सांगायला नको. घरी आलो तर सौ. म्हणाल्या, “डबा मात्र जाड पत्र्याचा आहे हो.” आजही त्यात तूरडाळ आहे.

त्या रात्री मला बक्लूचा ड्यूक आठवला. माझी कोटेशनं खरी होती. पण माझी गिनी जगजाहीर झाली होती.

घंटा वाजली का? पहिली? म्हणजे दहा मिनिटं उरली. आणि विषयाला तर मी अजून हात घातलेला नाही. चालायचंच. आता भरभर सांगतो.

हुजूर पक्षाचे आक्षेप तीन. पहिला : हा अर्थसंकल्प नव्हे, समाज उलटापालटा करण्याचा कायदा आहे, पैशाच्या बिलात लपवून आणलेला. एकेकाळचे उदारमतवादी पंतप्रधान लॉर्ड रोझबेरीही हेच म्हणाले, की हे बजेट नव्हे, क्रांती आहे. ३० नोव्हेंबरला उमरावांच्या सभेने अर्थसंकल्प ३५० विरुद्ध ७५ मतांनी अडवला. आधी लोकांना विचारा, म्हणाले. विचारलं. जानेवारी १९१० मध्ये निवडणूक झाली आणि उदारमतवाद्यांच्या १९०६च्या चारशेच्या आसपास जागा पावणेतीनशेवर घसरल्या; हुजूर पक्षापेक्षा जेमतेम दोन जास्त. म्हणजे टीका कुणी ऐकलीच नाही असं मी म्हणत नाही. पण आयरिश आणि मजूर सदस्यांच्या आधाराने सरकार टिकलं. तोच अर्थसंकल्प एप्रिल १९१० मध्ये, बरोबर वर्षाने, कायदा झाला आणि १९११ साली उमरावांचा पैशाच्या बिलांवरचा अधिकारच गेला. अडवायला गेले ते दाराची कडीच गमावून बसले. शिवाय तूट भरून काढायचा यांचा स्वतःचा तोडगा काय, तर आयात मालावर जकात. म्हणजे पाव महाग. ड्यूकच्या जमिनीवर कर नको आणि मजुराच्या पावावर चालेल, हे विकणार कसं?

दुसरा आक्षेप अस्सल कोषागारातला : जमिनीचा हा कर वसूल होणार नाही. देशभरातल्या प्रत्येक तुकड्याची ३० एप्रिल १९०९ची किंमत ठरवायची, म्हणजे रेडी रेकनर नसताना रेडी रेकनर बनवायचा. वर्षानुवर्षं मोजणी चालली, कारकुनांचा फौजफाटा, खटले. आणि त्या करातून आलं त्यापेक्षा किंमती ठरवण्यावर गेलं जास्त. १९२० साली तो कर रद्द झाला. तेव्हा पंतप्रधान कोण? लॉइड जॉर्ज! आणि अर्थमंत्री हुजूर पक्षाचे ऑस्टिन चेंबरलेन. या मुद्द्यावर हुजूर पक्ष शंभर टक्के बरोबर होता, आणि अकरा वर्षांनी त्याचं कुणाला काही नव्हतं. पेन्शन आणि सुपरटॅक्स मात्र राहिले, हेही सांगायला हवं, नाहीतर मी एकांगी बोललो म्हणाल.

तिसरा आक्षेप पक्षाच्या पैशाचा, आणि खरं व्याख्यान इथे होतं. १९१२ साली लॉइड जॉर्ज, ॲटर्नी जनरल रूफस आयझॅक्स आणि पक्षाचे मुख्य प्रतोद यांनी अमेरिकन मार्कोनी कंपनीचे शेअर घेतले. तिच्याच घरातल्या इंग्लिश मार्कोनीला तेव्हा सरकारी बिनतारी केंद्रांचं कंत्राट मिळत होतं आणि तिचा व्यवस्थापकीय संचालक आयझॅक्सचा सख्खा भाऊ. प्रतोदांनी तर पक्षनिधीच्या पैशातूनही तीन हजार शेअर घेतले होते. हे उघडकीला आलं कसं, तर शेअर दलालाचं दिवाळं निघालं म्हणून. तेव्हा प्रतोद कुठे होते? दक्षिण अमेरिकेत, बोगोटाला. चौकशी समितीत सदस्यांनी आपापल्या पक्षाप्रमाणे मतं दिली. आयझॅक्स आधी सरन्यायाधीश झाले आणि १९२१ला लॉर्ड रीडिंग म्हणून आपल्याकडे व्हाइसरॉय. सिमल्याला गांधीजींशी बोलणी करणारे ते हेच.

पुढे लॉइड जॉर्ज हुजूर पक्षाच्याच आधाराने पंतप्रधान झाला, आणि किताबांचा बाजार भरला. ‘सर’ व्हायचं तर दहा हजार पौंड, बॅरोनेट तीस हजार, उमरावकी पन्नास हजारांपासून पुढे, असा भाव बोलला जाई. पैसे लॉइड जॉर्जच्या स्वतःच्या निधीत. १९२२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या, फसवणुकीचा ठपका असलेल्या एका खाणमालकाचं नाव यादीत आलं तेव्हा फारच बोभाटा झाला. ‘मला किताब नको’ असं पत्र लिही, हे त्याला सांगायला माणूस गेला, म्हातारा जरा बहिरा, त्याला वाटलं भाव वाढलाय, म्हणून त्याने चेकबुक काढून विचारलं, “आणखी किती?” ही गोष्ट पदरची असेल, पण भावाची कल्पना देते.

हुजूर पक्षाने टीकेची झोड उठवली, आणि ती रास्त होती. पण त्यांच्या अध्यक्षांची आतली तक्रार काय होती? आपले देणगीदार तिकडे जाऊन किताब विकत घेतायत, ही. यादीतला त्यांचा वाटा तर आधीपासून सुरूच होता. तक्रार चोरीची कमी आणि वाटणीची जास्त. ऑक्टोबर १९२२मध्ये त्यांनी लॉइड जॉर्जला खाली खेचलं. १९२५ला किताब विकणं गुन्हा ठरवणारा कायदा केला. त्या कायद्याखाली शिक्षा झाली एकाच माणसाला, दलाल मॉन्डी ग्रेगरीला, १९३३ साली. पन्नास पौंड दंड, दोन महिने कैद.

दुसरी घंटा ऐकली, अध्यक्ष महोदय. हे शेवटचं. खटल्यात ग्रेगरीने नावं घेतली नाहीत, गुन्हा कबूल केला. सुटल्यावर त्याची रवानगी फ्रान्सला झाली, आणि तिथे त्याला तोंड बंद ठेवण्यासाठी वर्षाला दोन हजार पौंड मिळत राहिले, अशी हकिकत आहे. हे पैसे लॉइड जॉर्जने पाठवले नाहीत. ती व्यवस्था लावली हुजूर पक्षाच्या मंडळींनी. पेन्शनच म्हणायची. लॉइड जॉर्जच्या मूळ दराने आठवड्याला पाच शिलिंग, म्हणजे वर्षाचे तेरा पौंड. मी काल रात्री भाग लावून पाहिला : एकशे त्रेपन्न म्हातारे, आणि वर अकरा पौंड उरतात. जवळजवळ साडेदहा गिन्या होतात त्याच्या.